शनिवारचं लोखंड

माझ्याकडे एक सैन्य आहे. हे वाक्य मी भिलाईत फार थोड्या माणसांसमोर बोललो आहे, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे खेळणी का?" खेळणं म्हणजे जे मूल फेकतं आणि आई उचलते ते. माझा एकेक घोडेस्वार अंगठ्याएवढा आहे. त्याच्या पगडीला काठ आहे, काठाला रंग आहे, डोळ्यात बुबुळ आहे. ते बुबुळ मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत, पाळी संपवून आल्यावर, भिंग लावून रंगवलं आहे. कोणी त्याला खेळणी म्हटलं की मी हसतो आणि विषय बदलतो. हसणं खोटं असतं.

खेळ मात्र आहे, हे खरं. मोठ्या टेबलावर टेकड्या, ओढा, गढी मांडायची. दोन्हीकडे दोन फौजा उभ्या करायच्या. कोण किती सरकला ते पट्टीनं मोजायचं, कोण मेला ते फासा ठरवतो. आमची लढाई खर्ड्याची. पानिपत का नाही, असं प्रत्येक मराठी माणूस विचारतो. हरलेल्या लढाईवर आपला फार जीव. मला जिंकलेली हवी होती. मराठ्यांची फौज माझी आणि निजामाची माझ्या एका मित्राची. हा मित्र केरळचा, स्टील प्लांटमध्ये माझ्याच बरोबर लागलेला, मी रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये आणि तो शेजारच्या शॉपमध्ये, म्हणजे विभागात. खर्डा नकाशात कुठे आहे हे मीच त्याला दाखवलं होतं, आणि निजामाची बाजू घेऊन तो मला वारंवार हरवत आला होता.

अडचण जागेची होती. सेक्टरमधल्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत जेवणाचं टेबल, त्यावर प्लायचा तुकडा, एवढंच आमचं रणांगण. त्यावर पुरी लढाई कधी मावली नाही. आज डावी बगल, पुढच्या महिन्यात तोफखाना, त्यानंतर सावकाश घोडदळ. माझं सगळं सैन्य एका वेळी उभं असलेलं मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. म्हणून निवृत्त झाल्यावर नेहरू नगरात घर बांधलं तेव्हा वरच्या मजल्यावर एकच मोठी खोली काढली आणि तिच्यात सुतारानं टेबल-टेनिसच्या टेबलाहून लांब टेबल बसवलं.

बायको म्हणाली, "देवघर पाहा केवढं, आन् लढाईघर पाहा केवढं."

"देव एका जागी बसतात," मी म्हटलं. "घोडदळाला फिरायला लागते."

रविवारी सकाळी वास्तुशांत ठरली. सोमवारी मित्र आणि त्याची बायको कायमचे केरळला जाणार होते. त्यांचंही क्वार्टर सुटलं होतं. म्हणजे रविवारची दुपार तेवढी आमच्या हातात होती. पुरी लढाई, पुऱ्या टेबलावर, एकदाच. मला वास्तुशांतीचं काही नव्हतं. मला ती दुपार हवी होती.

आता सैन्य हलवायचं कसं, याचा विचार मी घराच्या पायाच्या आधीपासून करत होतो. घोड्याचा पाय काडीपेटीतल्या काडीहून बारीक. डब्यात कापूस घालून नेलं तर भाले कापसात अडकून मोडतात. म्हणून प्रत्येक शिपायाच्या तळाला मी छोटं चुंबक चिकटवलं आणि पॉवर हाउस बाजारातल्या भंगारवाल्याकडून साध्या लोखंडी पत्र्याचे तुकडे आणून त्यांचे तसराळ्यासारखे काठवाले ट्रे करून घेतले. काळे, जरा गंजके, तेलाचा हात फिरवलेले. दिसायला भिकार. पण ट्रे उलटा धरला तरी एकही शिपाई पडत नसे. हे मी आलेल्या-गेलेल्यांना करून दाखवत असे, आणि सगळ्यांत जास्त वेळा ते पाहिलं होतं भाऊजींनी.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नंदिनी नगरच्या चुनखडीच्या खाणीत मोठे अधिकारी होते. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण खुर्चीतून उठल्यासारखे अजून वाटत नाहीत. कुठल्याही कार्यात ते दारात उभे राहतात आणि येणाऱ्या प्रत्येक वस्तूला आत जायची परवानगी देतात. शिवाय ते घरचे जावई. जावयाला आमच्याकडे नाही म्हणता येत नाही; जास्तीत जास्त ऐकू न आल्यासारखं करता येतं. मी तीसेक वर्षं तेच करत आलो होतो.

शनिवारी सकाळी सामान हलवायला सुरुवात झाली. भाऊजी आणि ताई आधीच येऊन बसले होते. त्यांनी आम्हाला वास्तूची भेट म्हणून भल्यामोठ्या स्टीलच्या पराती आणल्या होत्या, पंगतीत वाढण्यासाठी. पोर्चमध्ये त्या एकावर एक चमकत होत्या.

"हात लावून पाह्य," भाऊजी म्हणाले. "जड आहे की नाही? दुकानात मी स्वतः चुंबक लावून पायलं. चिकटलं नाही. म्हणजे अस्सल स्टील. हलक्या मालाले चुंबक लगेच धरते."

"फार छान," मी म्हटलं. हे संभाषण मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो आहे. ते सकाळी झालं.

पहिल्या खेपेत पलंग, फ्रिज, गॅसचे सिलिंडर, बायकोच्या आईनं दिलेलं गोदरेजच्या धाटणीचं कपाट. सगळं निमूट आत गेलं. दुसऱ्या खेपेत मी स्वतः टेम्पोच्या मागच्या भागात बसून आलो, ट्रे ज्यांवर ठेवले होते त्या फळ्या दोन्ही हातांनी धरून. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी शिवी दिली. घरासमोर पोचलो, ताडपत्री काढून पाहिलं, एकही भाला वाकलेला नव्हता. पहिला ट्रे घेऊन मी फाटकात आलो तर भाऊजी मध्ये उभे.

"थांब. काय आहे हे?"

"सैन्य."

"ते दिसून राहिलं मले. खाली काय आहे? लोखंड ना? आज शनिवार आहे. शनिवारी लोखंड घरात नेते का कोणी? ते बी नव्या घरात, वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी?"

मी आधी हसलो, कारण मला विनोद वाटला. भाऊजी हसले नाहीत. तेव्हा मी ट्रे हातात तसाच धरून बोललो.

"भाऊजी, आपण भिलाईत राहतो. हे शहरच लोखंडावर आहे. तुमच्या खाणीतली चुनखडी कुठे जात होती? भट्टीत. भट्टीतून काय निघते? या घराच्या पिलरमध्ये सळ्या आहेत. तुम्ही ज्या फाटकाले धरून उभे आहे ते लोखंडाचं आहे. आत्ता कपाट आत गेलं ते कशाचं होतं?"

"कपाट जुनं आहे," भाऊजी म्हणाले. "सळ्या जमिनीत आहे. वाद कावून घालतो? मी तुह्या भल्यासाठीच सांगून राहिलो ना?"

तेवढ्यात मंडपवाल्याचा माणूस हवनाचं सामान घेऊन आला. त्यात हवनकुंड होतं, चारी बाजूंनी लोखंडी पत्र्याचं, उदबत्तीच्या पुड्यांनी भरलेलं. भाऊजींनी बाजूला होऊन त्याला वाट दिली.

"हे?" मी विचारलं.

"ते पूजेचं आहे."

ताई बाहेर आली. "भाऊ, एका दिवसाचं तर आहे. उद्या सकाळी ने ना आत. पाहुणे येऊन राहिले, तमाशा नको करू."

मी घड्याळ पाहिलं नाही, पण क्वार्टर ताब्यात घ्यायला येणारा माणूस तिकडे थांबलेला होता आणि किल्ली आजच द्यायची होती. बायको माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं की जावयाशी भांडून घरात शिरायचं नाही. मी ट्रे पोर्चच्या एका कोपऱ्यात, भिंतीला लागून, फळ्यांवर रचले. वरून चादर टाकली. भाऊजींना म्हटलं, "याले कोणी हात लावायचा नाही. उद्या सूर्य उगवला की मीच वर नेतो."

"बेफिकीर राय," भाऊजी म्हणाले. "मी आहे ना इथं."

क्वार्टरमध्ये त्या माणसानं प्रत्येक नळ उघडून पाहिला. ज्या नळाला आम्ही राहत असताना कधी पाणी आलं नाही तोसुद्धा. बाथरूमची एक कडी नव्हती, तिच्यावरून तो आणि मी बराच वेळ उभे होतो. घरी परतलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. पोर्चमध्ये मंडपवाले बांबू ठोकत होते. भिंतीच्या कोपऱ्यात माझे ट्रे होते. रिकामे. एकात एक नीट घालून ठेवलेले, आणि चादरीची घडी घातलेली.

बायको जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. "अहो, आधी पाणी प्या."

ज्या घरात आधी पाणी प्यायला सांगतात तिथं काय झालेलं असतं हे मला माहीत होतं. मी पाणी प्यायलो नाही. वर गेलो.

माझ्या नव्या टेबलावर, हिरव्या कापडावर, त्या अस्सल पराती ओळीनं ठेवल्या होत्या. मंडपाला जागा लागली, तेव्हा भाऊजींनी निर्णय घेतला होता. लोखंड आत न्यायचं नाही. पण स्टील चालतं. म्हणून शिपाई ट्रेवरून उचलून परातींत उभे केले. पाहुण्यांनी हौसेनं हात लावला. भाऊजींनी सगळ्यांना धीर दिला की घाबरायचं काम नाही, खाली चुंबक आहे, उलटं केलं तरी पडत नाही, माझ्या साळ्यानं मला दाखवलं आहे. मग पंगतीत पुऱ्या नेतात तशा पराती कमरेवर घेऊन, जिना चढून, वर आणल्या. जागा कमी पडली तिथं परातीवर परात ठेवली.

चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही. भाऊजींनी जरा हलका माल आणला असता तर माझं सैन्य वाचलं असतं.

परातींच्या गोल बुडाशी सगळं घरंगळून एक ढीग झाला होता. चुंबकं एकमेकांना चिकटली होती, त्यामुळे शिपायांचे गोळे बनले होते. पायदळाच्या तोंडात घोड्याची शेपूट, तोफेच्या चाकात कुणाचा तरी हात. बैल जोखडापासून सुटले होते. ज्या परातीवर दुसरी परात ठेवली होती तिच्यात भाले सगळे एकाच दिशेनं आडवे झाले होते, वारा आल्यासारखे. शिशाचे शिपाई प्लास्टिकच्यांवर घासून रंग खरवडला गेला होता. घोड्यांचे पाय तर कुरकुरीत काहीतरी सांडल्यासारखे तळाशी पडले होते.

मी खाली आलो. भाऊजी मंडपवाल्याला झालर कुठे लावायची ते सांगत होते.

"भाऊजी, परातीले चुंबक चिकटत नाही."

"असं कसं?"

"सकाळी तुम्हीच सांगितलं. तुम्ही लावून पायलं. चिकटलं नाही, म्हणून घेतली."

भाऊजींनी कोपऱ्यातल्या रिकाम्या ट्रेंकडे पाहिलं. मला वाटलं, आता समजलं. ते म्हणाले, "ते दुकानदाराचं चुंबक वेगळं होतं."

मी इथं प्रामाणिकपणे सांगतो, त्या वेळी मला आरडाओरड करायची होती आणि मी ती केली. नव्या घरात पहिला मोठा आवाज माझा झाला. आयुष्यभर स्टीलच्या गावात राहून स्टील म्हणजे काय हे न कळणाऱ्या माणसांबद्दल मी बोललो. दारात उभं राहून परवानग्या देणाऱ्यांबद्दल बोललो. शनीबद्दलसुद्धा बोललो, त्याचा यात काही दोष नव्हता. मंडपवाले बांबू ठोकायचे थांबले. एक मावशी चहा घेऊन येत होती ती तशीच परत गेली.

भाऊजी शांत होते. ही त्यांची अधिकाऱ्याची शांतता. "झालं तुहं? अरे, खेळणीच आहे ना? रायपूरच्या मॉलमध्ये ढीगभर मिळते. चाल, सोमवारी तुले नवीन घेऊन देतो. जुनं घर गेलं, जुनं सामान गेलं. शुभ असते."

ताई म्हणाली, "भाऊ, पाया पड त्यायच्या. उद्या त्यायचा मान आहे."

"पडणार नाही," बायको म्हणाली. आम्ही सगळे तिच्याकडे वळलो. ती चहाचे कप मोजत होती, मान वर न करता. "जवाईबुवा, तुमचा मान उद्या करू. आज यायले वर जाऊ द्या. आन् वर कोणी जाऊ नका."

रविवारी मी रेशमी सोवळं नेसून धुरात बसलो. लोखंडी हवनकुंडात समिधा टाकल्या. गुरुजी सांगतील तिथं हात लावला, सांगतील तिथं 'मम' म्हटलं. घर शांत होत होतं. मी होत नव्हतो. मग आहेर निघाले. घरच्या जावयाचा मान पहिला. शाल, श्रीफळ, टोपी, सगळं बायकोनं आणून ठेवलं होतं आणि त्यासाठी पितळी ताम्हन पुसून ठेवलं होतं. मी उठलो, पोर्चमध्ये गेलो आणि माझा एक ट्रे घेऊन आलो. काळा, कडेला गंज, तेलाचे डाग. त्यावर शाल ठेवली, नारळ ठेवला, टोपी ठेवली, कुंकू सोडलं, आणि तो भरल्या मांडवात भाऊजींच्या पुढे केला.

"हे कशात देऊन राहिला?" भाऊजी हळूच म्हणाले.

"लोखंडात. आज रविवार आहे. चालते."

सगळे बघत होते. आहेर परत करता येत नाही. भाऊजींनी दोन्ही हातांनी ट्रे घेतला आणि त्यांच्या नव्या पांढऱ्या सदऱ्याला पोटावर एक काळी रेघ उमटली. मला बरं वाटलं. फार वेळ नाही वाटलं, पण वाटलं.

दुपारी मित्र आला. त्याची निजामाची फौज त्यानं त्याच्या लोखंडी ट्रेमध्ये आणली होती. केरळला नेणं शक्य नव्हतं म्हणून ती माझ्याच खोलीत राहायची होती. वर आल्यावर त्यानं टेबलाकडे पाहिलं. शनिवारी संध्याकाळपासून मी गोळे सोडवून जे उभे राहतील ते उभे केले होते आणि जे उभे राहत नव्हते त्यांना त्यांच्या जागी आडवं ठेवलं होतं. टेबलाची माझी बाजू पहिल्यांदा पुरी भरली होती.

"किसने किया?" त्यानं विचारलं.

"घरवालों ने."

त्यानं आपलं घोडदळ मांडायला घेतलं. मांडता मांडता एक स्वार आडवा केला. मग दुसरा. मग तिसरा. माझ्या पडलेल्यांकडे बघून बघून तो आपले तेवढेच पाडत होता. मला ते कळलं आणि मी त्याच्यावरही ओरडलो.

"खड़ा कर. सब को खड़ा कर."

"अरे, बराबरी तो होनी चाहिए."

"नहीं चाहिए. मेरेको मेहरबानी नहीं चाहिए. आज बहुत हो गई मेहरबानी."

त्यानं सगळे उभे केले आणि आम्ही खेळलो. पंगतीचा आवाज खालून येत होता, पराती आपटत होत्या. माझ्याकडे डावी बगल जवळजवळ नव्हतीच. तोफा होत्या, ओढायला बैल नव्हते. तो मुद्दाम चुकत नव्हता, यासाठी मी त्याचा ऋणी आहे. जी लढाई इतिहासात आम्ही जिंकलो ती मी चहाच्या वेळेआधीच हरलो. एवढ्यात भाऊजी दोन पाहुण्यांना घेऊन वर आले, खोली दाखवायला. सदरा बदललेला होता.

"हा आमच्या साळ्याचा छंद," ते पाहुण्यांना म्हणाले. "काल हे सगळं मीच वर आणवलं." मग माझ्याकडे वळले. "काय, कोण जितलं?"

"शनिवार," मी म्हटलं.

पाहुणे हसले. भाऊजीही हसले. मित्राला मराठी कळतं, तो हसला नाही. तो निजामाचा हत्ती उचलून कपाटात ठेवत होता.

सोमवारी तो गेला. स्टेशनवर मी नेहमीसारखा कोरडा राहिलो. दुरुस्ती झाली की कळव, एवढंच तो म्हणाला. निजामाकडून खेळायला तो येईल, असं आम्ही दोघांनीही म्हटलं नाही.

दुरुस्ती चालू आहे. मोडलेले भाले पुन्हा प्लास्टिकचे लावायचे नाहीत असं मी ठरवलं. त्यांच्या जागी लोखंडी टाचण्या लावतो; डोकं कापायचं, टोक घासायचं, मुठीत भोक पाडून बसवायची. टाचण्यांचं पाकीट मी दर आठवड्याला विकत आणतो, एकदम दोन आणत नाही. शनिवारीच आणतो. मुद्दाम फाटकातून, पुढच्या दारानं, हातात दिसेल असं धरून. भाऊजी कधी आलेले असले तर त्यांच्यासमोरून वर जातो.

मागच्या शनिवारी ताईचा फोन होता. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं जपून विचारलं, "भाऊ, घरात सगळं बरं आहे ना? काही झालं तर नाही?"

"झालं ना," मी म्हटलं. "डावी बगल उभी झाली."